राजा नसलेल्या शहराचे राजवाडे

इटलीतल्या जेनोआ बंदरात ‘स्त्रादा नुओवा’ नावाचा एक रस्ता आहे. नावाचा अर्थ ‘नवा रस्ता’, पण वय साडेचारशे वर्षांच्या वर. १८८२पासून कागदोपत्री तो गारिबाल्दींच्या नावाने ओळखला जातो. लांबी साधारण अडीचशे मीटर, रुंदी साडेसात. दोन्ही बाजूंना इतके उंच वाडे, की समोरच्या कडेला पाठ टेकवून उभं राहिलं तरी एकाही वाड्याचं तोंड धड नजरेत मावत नाही. या रस्त्याच्या एका टोकाला तीन राजवाडे आहेत. लाल रंगाचा पालाझ्झो रोस्सो, त्याच्या समोर पांढरा पालाझ्झो बियांको, आणि बियांकोला लागून पालाझ्झो तुर्सी, ज्यात आजही जेनोआची महापालिका बसते. २००४मध्ये जेनोआला युरोपच्या सांस्कृतिक राजधानीचा मान मिळाला होता. त्या निमित्ताने हे तिन्ही जोडून शहराचं एक मोठं कलादालन झालं. एका तिकिटात तिन्ही बघता येतात.

राजवाड्यातलं कलादालन म्हटलं की डोळ्यांसमोर झुंबरं येतात, मखमली खुर्च्या येतात, दोरी लावून बंद केलेला पलंग येतो, आणि या सगळ्याच्या मागे भिंतीवर ओळीने लावलेली चित्रं. यात एक पेच आहे, तो सहसा आपल्या लक्षात येत नाही. वाडा बांधलेला असतो राहायला आणि पाहुण्यांवर छाप पाडायला. चित्रांना हवा असतो शांत उजेड, मोकळी भिंत आणि स्थिर हवा. दोघांच्या गरजा जुळत नाहीत. मग मांडणाऱ्याने कोणाची बाजू घ्यायची, घराची की चित्रांची? जेनोआने एकाच रस्त्यावर, समोरासमोर, या प्रश्नाची दोन उलट उत्तरं दिली. म्हणून हा पेच समजून घ्यायला मला याहून चांगली जागा दिसत नाही.

पाहुण्यांची चिठ्ठी

आधी एक गोष्ट नीट समजली पाहिजे. हे वाडे राजांनी बांधलेले नाहीत. जेनोआ हे प्रजासत्ताक होतं. १५२८ साली आंद्रेआ दोरिया या दर्यासारंगाने फ्रान्सची बाजू सोडली, स्पेनवर राज्य करणाऱ्या सम्राट पाचव्या चार्ल्सचा पक्ष धरला आणि शहराच्या कारभाराची घडी नव्याने बसवली. राज्याच्या प्रमुखाला डोज म्हणत आणि त्याची मुदत फक्त दोन वर्षांची असे. खरी सत्ता मोजक्या घराण्यांकडे होती: दोरिया, स्पिनोला, ग्रिमाल्दी, लोमेल्लिनी आणि अशी आणखी काही.

ही घराणी मूळची व्यापारी, पण सोळाव्या शतकात त्यांची खरी कमाई सावकारीतून होऊ लागली. स्पेनच्या राजाला लढायांसाठी सतत रोख पैसा लागे. अमेरिकेतून चांदी घेऊन येणारी जहाजं मात्र ठरावीक काळानेच येत. हा मधला काळ जेनोआचे सावकार सांभाळत. आज रक्कम द्यायची, ती सैन्य जिथे असेल तिथे पोचवायची, आणि पुढे येणाऱ्या चांदीतून व्याजासकट वसूल करायची. ज्यांच्या घरात कधीकाळी हुंडीचा व्यवहार होता, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पैसा आला, पण जुन्या जेनोआत तो दाखवायला जागाच नव्हती. डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात अडकलेलं ते शहर म्हणजे अरुंद बोळांचं जाळं. म्हणून १५५०च्या सुमारास प्रजासत्ताकाने जुन्या वस्तीच्या वरच्या अंगाला उतारावर जागा मोकळी केली, एक सरळ रस्ता आखला, प्लॉट पाडले आणि लिलावात विकले. ते घेतले याच घराण्यांनी. स्त्रादा नुओवा तो हा.

आता येते या सगळ्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट. बंदर असल्यामुळे जेनोआत परदेशी राजे, राजपुत्र, कार्डिनल, राजदूत यांची ये-जा सतत चाललेली. त्यांना लवाजम्यासकट उतरवायचं कुठे? राजा असलेल्या राज्यात हा प्रश्न येत नाही, दरबारच ते बघतो. इथे दरबार नव्हता. म्हणून १५७६ साली प्रजासत्ताकाने फर्मान काढून शहरातल्या चांगल्या खासगी वाड्यांची सरकारी यादी केली. इटालियन भाषेत अशा यादीला ‘रोल्लो’ म्हणतात, अनेकवचनी ‘रोल्ली’. यादीत नाव असलेल्या वाड्याच्या मालकावर, सांगावा आला की सरकारी पाहुणा उतरवून घेण्याचं बंधन असे. वाड्यांना प्रती लावलेल्या होत्या. मोठ्या मानाचा पाहुणा वरच्या प्रतीच्या वाड्यात, त्याखालचा त्याखालच्या. त्या त्या प्रतीत कोणाचा नंबर लागणार हे चिठ्ठी काढून ठरे, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको. पुढे १५८८, १५९९, १६१४ आणि १६६४ साली या याद्या नव्याने झाल्या.

मालकाला हे ओझं वाटत असेल का? वाटतही असेल, खर्च काही थोडाथोडका नव्हे. पण यादीतून नाव गळणं ही त्याहून मोठी नामुष्की होती. आपण पहिल्या प्रतीत असावं म्हणून घराणी वाडे वाढवत, सजवत, पुन्हा बांधत. थोडक्यात, सरकारी विश्रामगृह बांधायचा खर्च वाचवून जेनोआने आख्खं शहर सजवून घेतलं. २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत जेनोआचा समावेश केला तो या व्यवस्थेसाठीच, आणि त्यात रोल्लीतले ४२ वाडे घेतले.

जिना हाच देखावा

ही पार्श्वभूमी माहीत असली की वाड्यांची रचना उलगडते. वाडा जर पाहुण्यासाठी आहे, तर पाहुणा रस्त्यावरून दिवाणखान्यापर्यंत कसा पोचतो, याला सगळ्यात जास्त महत्त्व. पालाझ्झो तुर्सीत हे अगदी स्पष्ट दिसतं. त्याचं बांधकाम १५६५ साली निकोलो ग्रिमाल्दीने सुरू केलं. हा स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचा मोठा सावकार, आणि लोक त्याला ‘मोनार्का’, म्हणजे सम्राट, म्हणत. जागा डोंगर-उताराची. उतार कापून सपाट करण्याऐवजी वास्तुकारांनी त्याचाच उपयोग करून घेतला. दारातून आत आलं की सावलीतली देवडी, मग पायऱ्या, मग वरच्या पातळीवरचा खांबांचा चौक आणि त्यात एकदम पडणारा उजेड. चौकाच्या पलीकडे पुन्हा जिना, तो मधून दोन अंगांना फाकतो. सावली, चढ, उजेड, पुन्हा चढ. पाहुणा वर पोचेपर्यंत यजमानाने त्याच्याशी एक शब्दही न बोलता आपली ऐपत सांगून टाकलेली असते.

मुख्य दालनं तळमजल्यावर नसत. ती वर, ‘पियानो नोबिले’ म्हणजे मानाच्या मजल्यावर. खाली रस्त्याचा आवाज, ओल, घोडे आणि गुदाम. वर उंच छत आणि मोठ्या खिडक्या.

फ्लेमिश चित्रकार रूबेन्स सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जेनोआत येऊन गेला आणि या वाड्यांनी भारावून गेला. त्याने त्यांचे नकाशे आणि दर्शनी आराखडे जमवून १६२२ साली अँटवर्पला छापून काढले. त्याचं म्हणणं असं, की एकछत्री राजाचा महाल सामान्य सरदाराच्या काय कामाचा? जेनोआचे वाडे मात्र एका कुटुंबाने राहण्याजोगे आहेत, उत्तरेकडच्या लोकांनी त्यांच्यावरून शिकावं. माझ्या मते या वाड्यांचं सगळ्यात अचूक वर्णन हेच. राजवाड्याचा थाट, पण शेवटी घर.

दोन भावांचा लाल वाडा

पालाझ्झो रोस्सो या मालिकेत उशिरा आला. १६७१ ते १६७७ या काळात तो रोदोल्फो आणि जोव्हान्नी फ्रांचेस्को ब्रिन्योले-साले या दोन भावांसाठी बांधला गेला. एरवी वाड्याला मानाचा मजला एकच असतो, इथे दोन आहेत, एकावर एक, तोलामोलाचे. कारण साधं आहे: दोघा भावांना प्रत्येकी एक. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. रोदोल्फो १६८३ साली वारला, त्याला मुलगा नव्हता, आणि सगळा वाडा धाकट्या शाखेकडे गेला.

जोव्हान्नी फ्रांचेस्कोने मग वरच्या मजल्याची छतं रंगवून घेतली. ऋतूंची चार दालनं आहेत. वसंत आणि ग्रीष्म ग्रेगोरियो दे फेर्रारीने रंगवले, शरद आणि हिवाळा त्याचे सासरे दोमेनिको पिओला यांनी. जवळच एक लोज्जा आहे, म्हणजे खांबांची उघडी ओसरी. मराठीत आपण घराची ‘गॅलरी’ म्हणतो, तिची श्रीमंत मावशीच म्हणा. तिच्या भिंतींवर पडझड झालेली वास्तू रंगवली आहे: तुटके खांब, फुटलेली कमान, त्यातून दिसणारं आकाश. धडधाकट नव्या घरात मुद्दाम रंगवलेली पडझड.

इथे थोडं थांबून भित्तिचित्र म्हणजे काय ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. खऱ्या भित्तिचित्रात रंग कोरड्या भिंतीवर लावत नाहीत. चुन्याचा गिलावा ओला असतानाच, पाण्यात कालवलेला रंग त्यावर देतात. गिलावा वाळताना हवेशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि रंग त्यातच अडकून दगडासारखा पक्का होतो. म्हणून चित्रकार एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवून घेतो. हे चित्र भिंतीवर नसतं, ते भिंतच असतं. कापडावरचं तैलचित्र मात्र उचलता येतं, विकता येतं, गाडीत घालून पळवता येतं. वाड्यात अशा दोन जातींची कला एकत्र नांदते, हलणारी आणि न हलणारी.

हलणाऱ्या कलेचं काय होतं, याचं उदाहरण जेनोआतच आहे. चित्रकार व्हॅन डाइक १६२०च्या दशकात या शहरात राहिला आणि इथल्या घराण्यांची मोठमोठी व्यक्तिचित्रं त्याने केली. त्यातली कितीतरी पुढे विकली गेली. लाल छत्रीखाली उभी असलेली एलेना ग्रिमाल्दी कातानेओ आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. ब्रिन्योले-साले घराण्याची व्हॅन डाइकने केलेली चित्रं मात्र रोस्सोतच राहिली. दोघा भावांचे वडील आंतोन जूलिओ घोड्यावर, आणि आई पाओलिना आदोर्नो गडद निळ्या रेशमी पोशाखात. दोन्ही १६२७ सालची. घोड्यावरचं चित्र हा तोवर राजेरजवाड्यांचा मान. सावकाराच्या घरातल्या विशीतल्या मुलाने तो स्वतःकडे घेतला, यातच जेनोआचा सगळा स्वभाव आला.

याच संग्रहात बेर्नार्दो स्त्रोझ्झीची ‘स्वयंपाकीण’ आहे, आणि मला या वाड्यातलं हेच चित्र सगळ्यात जवळचं वाटतं. बाई हंसाची पिसं काढते आहे, चुलीवर भांडं आहे, आजूबाजूला मारून आणलेले पक्षी पडलेत आणि त्यांच्यात एक नक्षीदार चांदीची सुरई आहे. काम न थांबवता तिने मान वळवून थेट आपल्याकडे बघितलंय. रोल्लीच्या याद्यांमध्ये मालकांची नावं आहेत. चिठ्ठी निघाल्यावर ज्यांचे हात पहाटेपासून कामाला लागत, त्यांच्यापैकी एकीचा चेहरा तेवढा इथे भेटतो.

घर शहराचं कसं झालं

खासगी वाडा सार्वजनिक होण्याचे मार्ग युरोपात मुख्यतः तीन: राज्यक्रांती, लिलाव आणि दान. इथे दान घडलं, आणि ते एका बाईने केलं. मारिया ब्रिन्योले-साले, गालिएराची डचेस, या घराण्यातली शेवटच्या पिढीची वारसदार. तिचा नवरा राफाएले दे फेर्रारी रेल्वे आणि बँकांच्या व्यवहारात अफाट श्रीमंत झालेला. १८७४ साली तिने मुलाच्या संमतीने पालाझ्झो रोस्सो, आतली चित्रं आणि ग्रंथालय यांसकट जेनोआ शहराला दिला. मुलगा फिलिप्पो वारसाहक्काच्या पदव्या आणि मालमत्तेपासून दूरच राहिला. त्याला नाद होता टपाल तिकिटांचा, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या तिकीटसंग्राहकांमध्ये त्याचं नाव आजही घेतात. १८८८ साली डचेस वारली तेव्हा मृत्युपत्राने पालाझ्झो बियांकोही शहराकडे आला, सार्वजनिक कलादालन व्हावं म्हणून.

दानातला महत्त्वाचा शब्द आहे ‘यांसकट’. नुसती चित्रं दिली असती तर ती कुठल्याही इमारतीत गेली असती. नुसता वाडा दिला असता तर तिथे कचेरी झाली असती. रोस्सोत घर आणि चित्रं एकत्र आली.

बियांकोची गोष्ट वेगळी. तो मूळचा ग्रिमाल्दींचा, मग दे फ्रांकी घराण्याचा, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कर्जापोटी ब्रिन्योले-साल्यांकडे आला. त्यांनी तो नव्याने बांधून काढला, पांढरा गिलावा दिला, त्यावरून नाव पडलं. त्यात आज दिसणारी चित्रं मात्र त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली नाहीत. काही डचेसच्या संग्रहातली, बाकी शहराने नंतर मिळवलेली. म्हणजे घर एकाचं, चित्रं भलत्यांची. पुढचा निर्णय या फरकावर झाला.

युद्ध, आणि पांढऱ्या भिंती

१९४२ साली जेनोआवर जबर बॉम्बहल्ले झाले. हलणारी कला आधीच सुरक्षित जागी नेलेली होती. न हलणारी जागेवरच राहिली. रोस्सोच्या मुख्य दिवाणखान्याचं छत कोसळलं आणि त्यावरचं ग्रेगोरियो दे फेर्रारीचं फेथॉनचं चित्र कायमचं गेलं. सूर्याचा रथ हाकायला निघून जळून खाली पडलेल्या पोराची ती कथा. बियांकोचंही मोठं नुकसान झालं.

युद्ध संपल्यावर दोन्ही वाडे उभे करायचं काम आलं कातेरिना मार्चेनारो यांच्याकडे. शहराच्या कलाविभागाच्या त्या प्रमुख. त्यांनी मिलानचे वास्तुकार फ्रांको अल्बिनी यांना बोलावलं.

बियांको १९४९ ते १९५१मध्ये झाला. तिथे अल्बिनींनी पूर्णपणे चित्रांची बाजू घेतली. भिंती कोऱ्या पांढऱ्या. झुंबरं नाहीत, जुनं फर्निचर नाही. जागोजागी स्लेटचा काळा दगड. भिंतीला खिळे न ठोकता बारीक लोखंडी सळया सोडल्या आणि चित्रं त्यांवर पेलली. काही चित्रांच्या नंतर बसवलेल्या सोनेरी चौकटीही काढून टाकल्या. आणि सगळ्यात धाडसी गोष्ट: दालनातल्या चित्रांची संख्याच खूप कमी केली. उरलेली फेकली नाहीत, अभ्यासकांना बघता येतील अशी नीट लावून वरच्या मजल्यावर ठेवली. जोव्हान्नी पिसानोने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राबांतच्या मार्गारेट राणीच्या समाधीसाठी घडवलेल्या शिल्पाचा तुकडा तर त्यांनी पोलादी दंडावर बसवला, वर-खाली करता येईल आणि फिरवता येईल असा. ते शिल्प आता जेनोआतल्याच दुसऱ्या संग्रहालयात आहे.

लोक खवळले. सोळाव्या शतकातलं चित्र इस्पितळासारख्या भिंतीवर लावायचं? पण अल्बिनींचा विचार सरळ होता. ही चित्रं या घराची नाहीत. मग खोटा घरगुती थाट कशाला उभा करायचा? त्यापेक्षा प्रत्येक चित्राला त्याच्यापुरती शांतता द्या.

रस्ता ओलांडून त्याच दोघांनी रोस्सो हातात घेतला आणि तिथे नेमकं उलट केलं. हे काम १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. इथे चित्रं घराची होती, छतं रंगवलेली होती, म्हणून घराला बोलू दिलं. एकोणिसाव्या शतकात चढवलेले थर उतरवले, बुजवलेल्या ओसऱ्या मोकळ्या केल्या, म्हणजे सतराव्या शतकातला उजेड पुन्हा आत यावा. पण उजेड आला की तैलचित्रावर चमक येते आणि बघणाऱ्याला चित्राऐवजी खिडकीच दिसते. त्यावर उपाय म्हणून काही चित्रं भिंतीतून पुढे आलेल्या, दारासारख्या फिरणाऱ्या लोखंडी दांड्यांवर बसवली. चित्र उजेडाकडे वळवा आणि बघा. मजले जोडायला नवा जिना लागणार होता, तर जुन्याची नक्कल केली नाही. अष्टकोनी, वरून टांगलेला, लाल रंगात मढवलेला पोलादी जिना केला. तो बघताक्षणी कळतं की हा विसाव्या शतकातला आहे. नवं ते नवं दिसावं, जुन्याच्या वेशात फिरू नये.

मला स्वतःला रोस्सोचा मार्ग जास्त पटतो, पण बियांकोचा मान कमी होत नाही. जुन्या वास्तूचं काही करायचं म्हटलं की ‘पूर्वी होतं तसंच करा’ एवढं एकच उत्तर आपल्याला सुचतं. ‘तसंच’ म्हणजे कोणत्या सालचं, आणि आत ठेवलेल्या वस्तू तिथल्या आहेत का, हे दोन प्रश्न अल्बिनी आणि मार्चेनारो यांनी आधी विचारले. उत्तरं वेगळी आली, म्हणून मांडण्या वेगळ्या झाल्या.

एक व्हायोलिन

तुर्सी १८४८पासून महापालिकेचं आहे, आणि कचेरीच्या शेजारच्या काही दालनांत कलादालनाचा तिसरा भाग आहे. तिथली मोठी ओढ म्हणजे प्रख्यात व्हायोलिनवादक पागानिनीचं व्हायोलिन. ते १७४३ साली क्रेमोना गावात ग्वार्नेरी देल जेसू यांनी घडवलं. आवाज इतका दमदार, की पागानिनी त्याला ‘कान्नोने’, म्हणजे तोफ, म्हणायचा. तो जेनोआचाच मुलगा. हे वाद्य शहराने कायमचं जपावं असं मृत्युपत्रात लिहून तो १८४० साली वारला.

वाद्य जपणं आणि चित्र जपणं यांत मोठा फरक आहे. व्हायोलिन नुसतं काचेत ठेवून भागत नाही, ते वाजतं राहावं लागतं. म्हणून ‘कान्नोने’ वेळोवेळी बाहेर काढून वाजवतात, आणि शहरात भरणाऱ्या पागानिनी स्पर्धेच्या विजेत्याला ते हातात घेण्याचा मान मिळतो.

जाणं झालंच तर आधी बियांको बघावा, तिथून तुर्सीत जावं, आणि रोस्सो शेवटी. रोस्सोत वर जाताना अल्बिनींचा लाल जिना चुकवू नका, आणि थेट गच्चीपर्यंत जा. तिथून जेनोआची काळ्या स्लेटची छपरं एकमेकांना चिकटलेली दिसतात, मधल्या बोळांचा मागमूस लागत नाही, आणि छपरांच्या पलीकडे ते बंदर दिसतं, जिथे पाहुणे उतरायचे.